अमरावतीचं मूळ, अकोल्याची नक्कल

ब्रह्मदेवानं सृष्टी करायच्या आधी आमच्या मामाजींचा सल्ला घेतला असता, तर त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागली असती आणि दुसरी अकोल्याला ठेवावी लागली असती. दोन सूर्य, दोन चंद्र, दोन चिखलदरे. महिन्यातून एका रविवारी मामाजींनी ते शेजारी शेजारी मांडले असते आणि ब्रह्मदेवाला समोर उभं करून विचारलं असतं, "या चंद्रावर डाग हाये, त्या चंद्रावर काहून नाई?" ब्रह्मदेवाची चारही तोंडं गप्प झाली असती. माझं तर एकच होतं, ते किती वेळा गप्प झालं याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. राजापेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि अमरावतीच्या कचेरीत त्यांनी उभी हयात नकलनवीस म्हणून काढली. कोर्टाचा निकाल लागला की पक्षकाराला त्याची नक्कल लागते. ती हातानं उतरवून द्यायची, हे त्यांचं काम. अक्षर असं की दावा हरलेला माणूससुद्धा निकाल घरी नेताना रस्त्यात दोनदा उलगडून पाहायचा. पण अक्षराचं कौतुक केलेलं त्यांना आवडत नसे. "अक्षर काय, शाळेतले पोट्टेबी काढतात. नक्कल वेगळी," ते म्हणायचे. नक्कल म्हणजे मुळात असेल ते सगळं आणि मुळात नसेल ते काहीच नाही. मुळात चूक असेल तर नकलेतही ती चूक पाहिजे. मुळावर शाईचा डाग असेल तर नकलेत तेवढी जागा सोडून, भोवती गोल काढून, आत बारीक अक्षरात लिहायचं: "येथे मुळात डाग." कागद फाटला असेल तर, "येथे मूळ फाटलेले." आणि शेवटी "खरी नक्कल" असं लिहून सही.

इतपत ठीक होतं. सरकार त्याचे पैसे देत होतं. पण पेन्शन झाल्यावर या माणसानं आपल्या घराचीच नक्कल काढायला घेतली. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, रेशनकार्ड, डॉक्टरची चिठ्ठी हे तर झालंच. पण भिंतीवरचं कॅलेंडर दुधाच्या खुणांसकट उतरवलेलं मी पाहिलं आहे. "ता. ११, म्हशीने दूध दिले नाही, येथे मुळात फुली." लग्नाच्या पत्रिका यायच्या, त्यांची नक्कल. वाण्याच्या पुडीचा कागद बरा दिसला तर त्याची नक्कल. एकदा त्यांच्या अंगणातल्या कागदी लिंबाला किती लिंबं लागली त्याची यादी केली होती, फांदीवार. आणि मग त्या यादीची नक्कल. मी म्हटलं, "मामाजी, लिंबं तर आपण लोणच्यात घातली." तर म्हणाले, "म्हणूनच तं यादी पायजे."

हे हसण्यावारी नेता आलं असतं, मी नेतही होतो, पण त्यामागची गोष्ट विमलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितली. माझ्या सासूबाईंचं माहेर मोर्शीचं. लग्न झाल्या झाल्या त्या दोन वर्षं बऱ्याचदा माहेरी असायच्या आणि तिथून त्यांनी नवऱ्याला अकरा पत्रं लिहिली होती. त्या काळच्या बाईनं नवऱ्याला पत्र लिहायचं म्हणजे केवढं धाडस! मामाजींनी ती पत्रं लाकडी पेटीत जपून ठेवली. सासूबाई गेल्या, वर्ष झालं, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी मामाजींनी पेटी उघडली तर आत वाळवी. फडक्याची गाठ जशीच्या तशी होती, गाठीत माती होती. हजारो परक्या लोकांच्या भांडणांच्या नकला ज्या हातानं काढल्या, त्या हातानं त्या अकरा पत्रांतली एक ओळ उतरवून ठेवलेली नव्हती. विमल म्हणाली, "बाबा तीन दिवस जेवले नाई. मी म्हटलं, बाबा, तुमाले तं पाठ असतीन, लिहून काढा ना आता. तं म्हणे, मूळच नाई, आता रुजुवात कशाशी घेऊ?"

रुजुवात हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि पुढं त्यानं माझे कित्येक रविवार खाल्ले. नक्कल तयार झाली की एकानं नक्कल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मूळ हातात धरून ओळीवर बोट फिरवत ऐकायचं. शब्द जुळला की "बरोबर", नाही जुळला की "थांबा". याला रुजुवात घेणं म्हणतात. मामाजींच्या मते रुजुवात न झालेली नक्कल ही नक्कल नाहीच, वाण्याला पुड्या बांधायला द्यावी. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "मूळ आन् नक्कल एका छपराखाली निजवू नये, जवाईबापू. घर जळलं तं दोघंबी एकाच राखंत जातात." म्हणजे मूळ अमरावतीला, तर नक्कल दुसऱ्या गावाला पाहिजे. दुसरं गाव अकोला, कारण लेक अकोल्याला दिलेली. लग्नात मला एक अंगठी मिळाली, एक घड्याळ मिळालं आणि आठच दिवसांनी मोटारीच्या टपावरून एक लोखंडी पेटी आली. ती आमच्या मधल्या खोलीत चार विटांवर चढवली गेली. मी शाळामास्तर, घर भाड्याचं, खोल्या अडीच. त्यातली अर्धी त्या पेटीनं घेतली.

आता नकला अमरावतीहून अकोल्याला यायच्या कशा? कुणीही म्हणेल पोस्टानं. मामाजी म्हणत नसत. पोस्टाची थैली एकच, तिला पाय फुटले तर सगळंच गेलं. दर सोमवारी सकाळी नकलांचा बस्ता, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, काखेत मारून ते मोटारस्टँडवर जायचे आणि अकोल्याच्या गाडीत बसलेल्या उतारूंची साक्ष घेतल्यासारखी तपासणी करायचे. नाव काय, गाव कोणतं, अकोल्यात कोणाकडं उतरता, मधात मूर्तिजापुरात काही काम आहे का? मूर्तिजापुरात काम असलेला माणूस बाद. तरुण माणूस बाद. फार गोड बोलणारा तर सगळ्यात आधी बाद. कडेवर लेकरू असलेली बाई त्यांना सगळ्यात भरवशाची वाटायची. "लेकरू घेतलेली बाई मधात कुठं उंडारत नाई, सरळ घरी जाते," असा त्यांचा सिद्धांत होता. बस्त्याच्या वर लिहिलेलं असायचं: "पाने तेवीस." विमलनं ती मोजायची आणि आणणाऱ्याच्याच हाती किंवा अमरावतीला परत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पोच लिहून द्यायची: "पोचली. पाने तेवीस." चार दिवसांत पोच आली नाही की मामाजी तीच तेवीस पानं पुन्हा उतरवून दुसऱ्या बाईबरोबर पाठवायचे. कधी कधी पहिलीही यायची, दुसरीही यायची. मग तिसऱ्या दिवशी पोस्टकार्ड: "दोहोंची एकमेकींशी रुजुवात घ्यावी." अकोल्यात आमच्या दारावर अनोळखी बाया इतक्या यायला लागल्या की घरमालकानं मला एकदा बाजूला घेऊन, चालचलणुकीबद्दल चार शब्द सांगितले.

या व्यवस्थेत एकदाच घोळ झाला, पण काय झाला! मामाजींनी सगळे नियम लावून एक बाई निवडली. कडेवर लेकरू, बोलणं तुटक, मूर्तिजापुरात काम नाही. फक्त ती अकोल्याच्या गाडीत बसलीच नव्हती, परतवाड्याच्या गाडीत बसली होती. फलाट बदलला होता आणि मामाजींनी पाटी वाचायच्या आधी बाई वाचली. बिचारीनंही नाही म्हटलं नाही. म्हातारा माणूस इतक्या कळकळीनं देतो आहे तर असेल काहीतरी देवाधर्माचं, असं तिला वाटलं. बस्ता परतवाड्याला गेला. तिथून एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर मोर्शीला गेला. मोर्शीहून संत्र्याच्या ट्रकवाल्यानं तो आणला आणि एका महिन्यानं आमच्या दारात टाकला. वाटेत ज्याच्या ज्याच्या हाती लागला त्यानं त्यानं वरच्या कागदावर काहीतरी लिहिलं होतं. "आम्हाला काही कळत नाही, पुढे पाठवले." "अक्षर सुंदर आहे." एकानं तर "वधूवरांस आशीर्वाद" असं लिहिलं होतं. पानांवर हळदीची बोटं. मला वाटलं, मामाजी आता डोकं आपटून घेतील. त्यांनी रुजुवातीच्या वेळी ती पानं हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि प्रत्येक डागाभोवती गोल काढून लिहिलं, "येथे हळद, प्रवासात." मग हळूच म्हणाले, "मोर्शीले जाऊन आला म्हणजे बस्ता."

मी त्यांना कार्बन पेपर सुचवून पाहिला. एकदा लिहा, दोन प्रती मिळतात, जग पुढं गेलं मामाजी! त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी वर्गातला ढ मुलगा. "कार्बनात हात एकदाच फिरते. हात चुकला तं खालच्या कागदावरबी तीच चूक जाते. मंग ते धरायची कशी?" मी गणिताचा मास्तर, पण याला उत्तर सुचलं नाही. माझा स्वभाव तापट. उत्तर सुचलं नाही की जास्तच तापतो. त्या तिरमिरीत मी एक गाढवपणा केला. नकलांतल्या एका जुन्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका ढिगानं होत्या. मी शाळेच्या सवयीनं लाल शाई घेतली आणि सगळ्या दुरुस्त करून टाकल्या. पुढच्या रविवारी मामाजींनी तो कागद पाहिला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "जवाईबापू, हे पत्र ज्यानं लिहिलं तो चौथी शिकला होता. तुमी त्याले म्याट्रिक केलं." आणि तो कागद घडी करून खिशात घातला. सोमवारी नवी नक्कल हजर, सगळ्या चुकांसकट. त्यानंतर त्या पेटीजवळ लाल शाई दिसली तरी विमल माझ्यावर डोळे वटारायची.

पण खरी मजा विमलच्या पत्रांची. ती दर आठवड्याला बापाला कार्ड टाकायची. कार्ड अमरावतीला पोचलं की ते मूळ झालं; मूळ म्हटलं की नक्कल आली; आणि नक्कल ठेवायची अकोल्याला. म्हणजे आमच्या घरातून गेलेलं पत्र आठ दिवसांनी मामाजींच्या सुंदर अक्षरात आमच्याच घरी परत यायचं, खाली "खरी नक्कल" आणि सही. एकदा मी सहज चाळत होतो तर वाचलं: "ह्यांचा स्वभाव दुधासारखा आहे. क्षणात उतू जातात आणि मग आपणच फडकं घेऊन पुसत बसतात." मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे काय लिहिलंस तू?" विमल भाकरी थापत होती; मान वर न करता म्हणाली, "मूळ पाहाचं असन तं अमरावतीले जा." मी त्या दिवशी खरंच उतू गेलो, आणि संध्याकाळी तिच्यासाठी चिवडा घेऊन आलो.

बाकी तिच्या पत्रांत काही नसायचं. येथील सर्व कुशल, प्रकृतीस जपावे, एवढंच. जे लिहायचं होतं ते ती लिहीत नव्हती, आणि ते काय होतं हे मला ठाऊक होतं. लग्नाला वर्षांमागून वर्षं चालली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. वैद्य झाले, नवस झाले, नागपूरचा मोठा डॉक्टर झाला. शेवटी आम्ही दोघांनी त्या विषयाचं दार लावून घेतलं. मी शाळेत दिवसभर लोकांच्या पोरांवर ओरडायचो आणि घरी येऊन पेपर वाचायचो. ती दिवसभर काय करायची, हे मी कधी विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

मूल नसण्याचा आणखी एक फटका होता, तो मामाजींना. जुनी रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि काम नसताना लेकीच्या दारी जायचं नाही. मी किती वाद घातला. "मामाजी, स्वराज्य आलं, राज्य बदललं, आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबईत गेला अन् मुंबईतून महाराष्ट्रात आला. रीत कशी बदलत नाही?" ते शांतपणे म्हणायचे, "जिल्हा सरकारचा हाये. लेक तुमची हाये." त्यामुळं ते यायचे ते फक्त रुजुवातीला. ते काम होतं, कामाला जायला रीत आड येत नाही. महिन्यातला शेवटचा रविवार. सकाळी दहाच्या मोटारीनं उतरायचे, एका हातात मुळांची पिशवी, दुसऱ्या हातात अमरावतीच्या पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. उन्हाळ्यात ते पाणी अंघोळीला चाललं असतं. विमल माठाशी उभी राहून बापाला ते गरम पाणी पिताना पाहायची, आणि मला दोघांनाही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटायची.

त्यातून वाट काढली ती शेजारच्या काकूंनी. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. एक दिवस काकू भिंतीपाशी आल्या आणि विमलला म्हणाल्या, "तू रांध आन् इकडं दे. मंग ते माह्या घरचं झालं का नाई?" विमलनं वरण, भात, वांग्याची भाजी भिंतीवरून पलीकडं दिली. काकूंनी आपल्या ओसरीवर पाट मांडला आणि मामाजींना जेवायला बोलावलं. मामाजींनी ताटाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. वांग्याच्या भाजीत कारळाची चटणी घालायची सासूबाईंची पद्धत होती, ती वासावरून कळत होती. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, त्यांनी क्षणभर कायदा तपासला. "बसतो," ते म्हणाले, आणि बसले. तीन वेळा भाजी घेतली. त्यानंतर काकूंच्या ओसरीवर त्यांचं दर महिन्याचं जेवण ठरून गेलं आणि तो तांब्या अमरावतीलाच राहू लागला.

जेवण झालं की मधल्या खोलीत सतरंजी अंथरायची. मामाजी भिंतीला टेकून मूळ हातात घेऊन बसायचे, विमल पेटीतून नक्कल काढून समोर मांडी घालून बसायची. लहानपणी ती बापासमोर अशीच बसायची. कचेरीतलं उरलेलं काम ते घरी आणायचे तेव्हा आठ वर्षांची विमल खून, दरोडे, वाटण्या असं सगळं घडाघडा वाचायची. आता ती विजेचं बिल वाचायची. "युनिट चौदा." "बरोबर." "आकार पैसे..." "थांब. तिथं अनुस्वार हाये." मी दारात उभा राहून पाहायचो. विजेचं बिल वाचताना एवढा सुखी चेहरा मी दुसऱ्या कोणत्या बाईचा पाहिला नाही. चार वाजले की तिचा आवाज मंदावायचा; एकेक शब्द चघळत वाचायची. पाच वाजता मामाजी मुळं आवरायचे, कारण मुळांनी नकलेच्या छपराखाली रात्र काढायची नाही. ते गेले की विमल पेटीवर हात ठेवून नुसती बसून राहायची आणि स्वयंपाकाला उशीर व्हायचा. महिन्यातल्या तीस दिवसांत हे सहा-सात तास तिचे होते. मला ते उशिरा कळलं, पण कळलं.

मग मामाजींचे डोळे अधू झाले. "थोडं धुरकट दिसते," एवढंच ते म्हणायचे. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करा, तर म्हणाले, "डोळ्याची नक्कल ठेवली नाई मी कुठं. मुळावर चाकू चालवू देणार नाई." आणि विषय संपला. इकडं येणारे बस्ते बदलायला लागले. ओळी आधी चढणीला लागल्या, मग एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. ज्या अक्षरासाठी हरलेले पक्षकार थांबायचे, ते अक्षर आता कोंबडीनं उकरल्यासारखं दिसत होतं. एका रविवारी सकाळी मी विमलसमोर ते पान धरलं. "हे तू वाचणार कशी?" ती म्हणाली, "वाचीन मी." आणि दुपारी तिनं वाचलं. घरपट्टीची पावती होती, दर वर्षीची तीच. तिला पाठ होती. न अडखळता वाचली. मामाजी "बरोबर, बरोबर" म्हणत होते. त्यांचं बोट मुळाच्या पहिल्या ओळीवर होतं. पावती संपली तरी ते पहिल्याच ओळीवर होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, हे काय नाटक! यांना दिसत नाही, तिला ठाऊक आहे, तोंडानं कुणी बोलत नाही! मी तोंड उघडणार तोच विमलनं मला आत ओढलं. "बोलाल तं माह्या गळ्याची आन हाये."

"अगं, पण डोळे जातील त्यांचे."

"डोळे गेलेच. ते त्याईले समजत नाई का? पण एकदा कोणी मोठ्यानं म्हटलं का बाबा टाक ठेवून देतीन. टाक ठेवला का बस्ता बंद. आन् बस्ता बंद झाला तं कोण्या कारणानं येतीन ते इथं? सांगा ना!"

"तसेच येतील. मी बोलावतो."

"इतक्या वर्षांत एकदातरी तसेच आले का?"

ते आले नव्हते. शाळेत एका आकड्याच्या चुकीसाठी पोरांना बाकावर उभं करणारा मी, महिने न् महिने ती लबाडी दारात उभा राहून पाहत राहिलो आणि देवाला म्हणत राहिलो, चालू दे बाबा, चालू दे.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या बस्त्यात एक पान आलं, पूर्ण कोरं. नीट पाहिलं तेव्हा कळलं की कोरं नाही. टाकाच्या टोकाचे ओरखडे होते, वरपासून खालपर्यंत. दौत रिकामी होती की टाक दौतीच्या बाहेरच बुडत होता, कोण जाणे. शाईचा ठिपका नव्हता. मी ते पान विमलला दाखवलं. तिनं ते इतर पानांत सरळ ठेवून दिलं. रविवार आला. काकूंच्या ओसरीवर जेवण झालं, सतरंजी पडली. बिलं झाली, पावत्या झाल्या. मग मामाजींनी पिशवीत चाचपून एक कार्ड काढलं आणि म्हणाले, "आता तुह्यं पत्र. मागच्या महिन्यातलं." विमलनं कोरं पान हातात घेतलं. ते कार्ड मीच पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं. पाच ओळींचं होतं. सर्व कुशल, प्रकृतीस जपावे, ह्यांना सर्दी झाली होती, आता बरी आहे.

"तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार," तिनं सुरुवात केली. "येथील सर्व कुशल."

"बरोबर."

ती थांबली. मला वाटलं, विसरली. मग ती पानाकडं पाहतच म्हणाली, "सर्व कुशल असं मी दर वेळेस लिहिते, पण तसं नाही बाबा. हे शाळेत गेले का घर खायला उठते. मागच्या गल्लीत बारसं झालं, सगळ्यांना बोलावलं, मला नाही बोलावलं. मी यांना सांगितलं नाही, हे भांडायला गेले असते. आई असती तर तिला सांगितलं असतं. तुम्ही येता त्या दिवशी मला बरं वाटते. बाकीचे दिवस मी पेटी उघडून तुमचं अक्षर पाहत बसते. आता तर अक्षरही येत नाही. बाबा, कागद नाही आले तरी चालतीन. तुम्ही या."

मी दाराची चौकट धरली. बारशाचं मला माहीत नव्हतं. त्या कार्डावर काय होतं आणि काय नव्हतं, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. ज्या माणसानं अख्ख्या हयातीत कुणाचा एक अनुस्वार सोडला नाही, त्यानं कार्डावरचं बोट सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत नेलं.

"बरोबर," मामाजी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरोबर हाये. मुळाबरहुकूम. पुढं?"

"संपलं बाबा."

"संपलं कसं? पान पुरं भरलं होतं मी. खालपर्यंत. वाच माय."

आणि विमल वाचत गेली. मी तिथून निघालो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण त्यापुढचं माझ्यासाठी नव्हतं. आतून मधून मधून त्यांचं "बरोबर" ऐकू येत होतं.

पुढच्या महिन्यात बस्ता आला नाही. एक सोमवार गेला, दुसरा गेला, चौथा गेला. विमलनं जेवण टाकलं. मी म्हटलं, रविवारी मीच अमरावतीला जातो. शेवटच्या रविवारी मी स्टँडवर पोचलो तर दहाची मोटार नुकतीच लागत होती. कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला हात धरून खाली उतरवलं. मामाजी होते. दोन्ही हात मोकळे. पिशवी नाही, बस्ता नाही, काही नाही. मी पुढं होऊन पायांना हात लावला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरून हात फिरवून मी कोण ते ओळखलं.

"मामाजी, मुळं?"

"आज तसाच आलो, जवाईबापू," ते म्हणाले, आणि लग्नात नवरा मुलगा लाजतो तसे लाजले.

असे तसेच ते तीनदा आले. चौथ्या महिन्यात राजापेठेतून ते गेल्याची तार आली. ती अकरा पत्रं वाळवीत गेली, तशी बाबांनी तसंच यायची ही सगळी वर्षं कागदांत गेली, असं विमल कधी कधी म्हणते. मी तिची समजूत काढत नाही; मलाही तसंच वाटतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दहाच्या सुमारास, रस्त्यावरून मोटार गेली की आम्ही दोघंही अजून बोलता बोलता थांबतो.